संकटात उघडायचे मराठी पवित्र शास्त्र: कोणती प्रत घ्यावी, कुठून वाचावे

घरातले आजारपण, थकलेले कर्ज, जवळच्या माणसाचा मृत्यू. सातारा-सांगलीकडच्या ख्रिस्ती घरांत अशा वेळी पवित्र शास्त्र हाती घेतले जाते. ते या कामी किती उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. आमचे मत स्पष्ट आहे: अख्खा अध्याय वाचणाऱ्याला हे पुस्तक तारून नेते, सुटे वचन शोधणाऱ्याची मात्र पुष्कळदा दिशाभूल होते. दोष पुस्तकाचा नाही, उघडण्याच्या पद्धतीचा आहे.

आधी प्रतीविषयी. भारतीय बायबल सोसायटीची 66 पुस्तकांची संपूर्ण प्रत घ्यावी. नवा करार आणि स्तोत्रसंहिता एवढीच असलेली छोटी प्रत दवाखान्यात उशाशी ठेवायला सोयीची असते, पण तिच्यात जुन्या करारातली ईयोब, विलापगीत, हबक्कूक आणि नहेम्या ही पुस्तके नसतात. दुःखाच्या दिवसांत नेमकी हीच लागतात. वयस्कर माणसासाठी मोठ्या टाइपाचीच प्रत बघावी. दोन रकान्यांतली बारीक अक्षरे रडून सुजलेल्या डोळ्यांना दिसत नाहीत. कागद फार पातळ असतो, जेल पेनची शाई मागच्या पानावर उतरते, म्हणून खुणा शिसपेन्सिलीनेच कराव्यात. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळ्यात चेनच्या कव्हरात बंद ठेवलेली प्रत दमट होऊन बुरशी धरते. ती कव्हरातून काढून कोरड्या जागी ठेवावी. मोबाइलवर यूव्हर्जनचे मोफत बायबल ॲप आहे, त्यात मराठी भाषांतरे मिळतात. शोधायला ते उत्तम, पण रोज समोर येणारे एकच वचन वाचून थांबायची सवय लागते, तेवढी टाळावी.

सुरुवात स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्र 13 पासून करावी. ओव्या सहाच आहेत. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ हा सवाल चार वेळा येतो, पुढच्या दोन ओव्यांत मागणे आहे आणि शेवटच्या दोनांत भरवसा. मोठ्याने वाचावे, आणि मागण्याच्या जागी आपली अडचण नाव घेऊन सांगावी. देवाकडे तक्रार करणे म्हणजे विश्वास कमी असणे, ही समजूत इथेच गळून पडते. तुकोबांचे विठ्ठलाशी भांडण ज्यांच्या कानावर आहे त्यांना हा सूर परका वाटणार नाही. 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू करणाऱ्या ख्रिस्ती कवी ना. वा. तिलकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत मांडली, ती याच मातीतून. मन अगदीच बुडाले असेल तर स्तोत्र 88 घ्यावे. ते अंधारातच संपते, शेवटी दिलासा येत नाही. तरीही ते शास्त्रात आहे, आणि ज्याच्याकडे आज दिलाशाचे शब्द नाहीत त्याला त्यात जागा मिळते.

सर्वांत जास्त घोटाळा ईयोबात, म्हणजे मुले आणि मालमत्ता गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकात होतो. ‘तुझी सुरुवात लहान असली तरी शेवट मोठा होईल’ अशा अर्थाचे ईयोब 8:7 (आठवा अध्याय, सातवी ओवी) अभिवचन म्हणून मोठ्या हौसेने भिंतीवर लावले जाते. पण ते बोल देवाचे नाहीत, ईयोबाचा मित्र बिल्दद याचे आहेत. ‘तू निर्दोष असशील तर’ अशी अट घालून तो ते बोलतो, आणि त्याआधी ईयोबाच्या मेलेल्या मुलांनाच दोषी धरतो. या मित्रांचे बोलणे बरोबर नव्हते, असे देव 42:7 मध्ये स्वतः सांगतो. म्हणून ईयोब वाचताना कोण बोलत आहे ते समासात लिहीत जावे. 42 अध्याय जमणार नसतील तर 1 ते 3, मग 38 ते 42. भेटायला जाणाऱ्यांनी 2:13 आवर्जून वाचावे: हे मित्र सात दिवस आणि सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ बसले होते. त्यांचे चुकले ते तोंड उघडल्यावर.

नव्या वर्षाच्या उपासनेत अनेकांच्या हाती पडणारे यिर्मया 29:11 असेच आहे. भविष्य आणि आशा देणारे हे वचन बाबेलात धरून नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेल्या पत्रात येते. त्याच्या आधीच्याच ओवीत 70 वर्षांची मुदत आहे, आणि पाचव्या ओवीत घरे बांधा, बागा लावा असे सांगितले आहे. दोन वर्षांत सगळे परत येईल म्हणणारा संदेष्टा हनन्या 28 व्या अध्यायात खोटा ठरतो. लवकर सुटका होईल असे हे वचन म्हणतच नाही.

जत, आटपाडी, माण, खटावच्या दुष्काळी शिवारासाठी हबक्कूक आहे, अध्याय तीनच. द्राक्षवेलींना फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, हे 3:17 मध्ये एकेक करून मोजले आहे, आणि त्यानंतर ‘तरीही’ येते. हा ‘तरीही’ पहिल्या अध्यायातल्या उघड तक्रारीनंतरचा आहे, म्हणून तिसरा अध्याय सुटा वाचू नये. कर्जासाठी नहेम्या 5: धान्यासाठी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण पडलेली आहेत, आणि नहेम्या सावकारी करणाऱ्यांना ती परत करायला लावतो. कर्जदाराला नुसता धीर धरायला सांगणाऱ्या मंडळीच्या (चर्चच्या) कारभाऱ्यांनी हा अध्याय वाचलाच पाहिजे.

आजारात प्रार्थना करावी आणि औषधही चालू ठेवावे. ‘2 राजे’ या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात आजारी राजा हिज्कीयाच्या प्रार्थनेचे उत्तर घेऊन आलेला संदेष्टा यशयाच त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत 1894 मध्ये उभे केलेले मिशन हॉस्पिटलही विश्वास आणि शस्त्रक्रिया एकाच छपराखाली ठेवून चालले. विश्वासाच्या नावाखाली साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या सोडायला कोणी सांगितले तर ऐकू नये.

जगणे नकोसे झालेल्या माणसाला वचनांची यादी देऊ नये. ‘1 राजे’ च्या 19 व्या अध्यायात संदेष्टा एलीया मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला भाकर आणि पाणी देतो, तो झोपतो, पुन्हा तेच देतो. बोलणे नंतर होते. तसेच करावे: जेवण, झोप, सोबत, आणि त्याच दिवशी टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन.

ज्यांनी हे पुस्तक कधीच हाती घेतलेले नाही त्यांनी उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून न लागता नव्या करारातल्या मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करावे. 16 अध्याय दीड-दोन तासांत मोठ्याने वाचून होतात. 15:34 ला पोचल्यावर स्तोत्र 22 उघडावे, येशू वधस्तंभावरून त्याचीच पहिली ओळ म्हणत आहे.