जिप्सीचे ब्रेक: भोकांच्या डिस्कवर घातलेले साडेनऊ हजार आणि खेर्डीतलं गॅरेज

आधीच सांगते, मला गाड्यांची हौस नाही. आमच्याकडे जिप्सी आहे ती सड्यावरच्या बागेत दुसरं काही चढत नाही म्हणून. वेळणेश्वरच्या वरच्या अंगाला आमची आंब्याची कलमं आहेत. तिथवरचा शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे उघडा कातळ, आणि पावसाळ्यात मधे एक पऱ्या, म्हणजे ओहोळ, आडवा येतो. गाडी २००८ची, १२९८ सीसी पेट्रोल, पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी प्लेट, तिला दोन्हीकडून पॅड दाबतात) आणि मागे ड्रम (बंद डबा, त्याला आतून लायनर दाबतात). यजमानांचा मणका दुखायला लागल्यापासून चालवते मीच. तेव्हा हे मत पेडलवर पाय ठेवणाऱ्या बाईचं आहे, हातात पाना धरणाऱ्याचं नव्हे.

सुरुवात कुंभार्ली घाटात झाली. मे महिन्यात आम्ही कराडच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांना पेट्या पोचवतो आणि येताना कलमांसाठी निंबोळी पेंड भरून आणतो. त्या दिवशी आठ पोती होती, म्हणजे चारशे किलो. हेळवाक मागे टाकून घाट उतरायला लागले. पुढे ट्रक, मागे एसटी, त्यामुळे पाय सारखा ब्रेकवर. पोफळी खाली दिसायला लागली आणि पेडल एकदम मऊ झालं. बरक्या फणसात अंगठा जावा तसं. दोनतीनदा भराभर दाबलं तेव्हा कुठे थोडं वर आलं. गिअर खाली आणत आणत गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, चाकांना दगड लावले आणि अर्धा तास पोत्यांवर बसून राहिले. पुढच्या चाकांतून करपट वास येत होता. एका ट्रकच्या क्लीनरने कॅन पुढे केला, "पाणी ओतू काय ताई?" नको म्हटलं. डिस्क बिडाचीच असते, आणि बिडाचा तापलेला तवा पाण्याखाली धरला की काय होतं ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

पुण्याच्या भाच्याने फोनवरच निदान केलं, "मावशी, टायर मोठे आणि ब्रेक लहान." टायर त्यानेच बदलले होते हे तो सोयीने विसरला. पण बोलला ते अगदीच खोटं नव्हतं. मूळचा २०५/७० आर १५ टायर सुमारे ६६८ मिलिमीटर उंच, त्याने घातलेला २३५/७५ आर १५ जवळजवळ ७३४. पेडल तेवढंच दाबलं तर या उंच चाकाला जमिनीवर रोखायचा जोर नऊ टक्क्यांनी कमी पडतो, शिवाय चाकाचं वजन वाढतं ते वेगळं. त्याने ऑनलाइन मागवलं: भोकं पाडलेल्या आणि वर तिरक्या खाचा मारलेल्या डिस्क प्लेटची जोडी साडेनऊ हजारांना, आणि सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातूचा चुरा मिसळलेले, पॅड सव्वादोन हजारांना. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण खोक्यावर एक नाव होतं आणि प्लेटवर कोरलेलं दुसरंच. दिसायला मात्र देखण्या. सासूबाई म्हणाल्या, "हे तर अनरशाचं झारं."

बसवून घेतल्या जवळच्याच एका गॅरेजात, दीड तासात. आठवडाभर बरं वाटलं. मग साठच्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. त्या गॅरेजवाल्याने दोनदा व्हील बॅलन्सिंग केलं, मग पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनची बेअरिंग बदलायला सांगितली, ती बदलली, थरथर होती तशीच. तीन खेपा आणि साडेचार हजार रुपये असेच गेले.

शेवटी चिपळूणच्या दूधवाल्याने खेर्डीतल्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. पत्र्याची लांबट शेड, दारातच वाकडी पडलेली एक कमांडर जीप, आणि आतल्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर निळ्या ऑइलपेंटने मारलेली रेघ: २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी तिथवर होतं. मिस्त्रींनी गाडी चालवून पाहिली नाही. पुढचं चाक काढलं, कॅलिपर (पॅड धरून दाबणारा भाग) तारेने टांगला आणि लोहचुंबकाच्या स्टँडवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं घड्याळ) लावून प्लेट हळूहळू हाताने फिरवली. मला म्हणाले, "वैनी, काट्याकडं बगा." काटा एका फेरीत वीस घरं हलला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. "प्लेट वाकडी नाय. बसलीय वाकडी."

जिप्सीच्या डिस्कला आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत आठ एमएमचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की प्लेट हबवरून सुटते. सुटताना असा आवाज आला की शेडमधलं मांजर पळालं. मागे हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे होते, जांभ्या दगडाच्या कपच्यांसारखे. पहिल्या गॅरेजने जुनी प्लेट काढून नवी थेट त्या गंजावर चढवली होती. मिस्त्रींच्या पोऱ्याने तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने हब घासला, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा घासला. प्लेट परत चढवल्यावर काटा चार घरांच्या पुढे गेला नाही. या कामाचे दोन्ही चाकांचे मिळून सहाशे रुपये घेतले.

मग त्यांनी मी न सांगितलेल्या गोष्टी काढल्या. कॅलिपरच्या सरकत्या पिना कोरड्या ठणठणीत, एक तर पकडीने फिरवून काढावी लागली. पिन अडकली की एकच पॅड घासत राहतो आणि दुसरा नुसता बघत बसतो. माझा डावीकडचा पॅड तिरका झिजला होता तो त्यामुळेच. ब्रेक ऑइल बाटलीत घेऊन उजेडात धरलं तर चहाच्या चोथ्याचं पाणी. कधी बदललं होतं? मला आठवेना, म्हणजे पाच वर्षं तरी नाही. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आपल्याकडे पावसात मीठ ओढतं तसं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे, पाणी मुरल्यावर तेच १५५ वर येतं. उकळलं की पाइपात वाफ होते, आणि वाफ दबते. पेडल मऊ झालं ते म्हणून. पेडल कडक राहून गाडी थांबत नसती तर दोष तापलेल्या पॅडचा असता. हा फरक मला कुणी आधी सांगितला असता तर झारे घेतलेच नसते. चारशे रुपयांचं ऑइल आणि पाइपातली हवा काढायची मजुरी, एवढ्यात घाटातलं दुखणं मिटत होतं.

तरी झारे गाडीवर होते, ते राहू दिले. ऑक्टोबरात पॅड बघायला चाक काढलं तेव्हा निम्मी भोकं तांबड्या मातीने आणि बारीक खड्यांनी गच्च बुजलेली. मिस्त्रींनी टोच्याने एकेक भोक मोकळं केलं आणि उजव्या प्लेटवर एका जागी नखाने टोकरलं. दोन भोकांच्या मधे केसाएवढी चीर होती. भोकाच्या काठावर ताण साठतो, प्लेट तापते, पऱ्यात एकदम गार होते, मग तिथूनच तडा निघतो. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की कच्च्या रस्त्यावरचा वापर वॉरंटीत बसत नाही. जिप्सीसाठी विकलेल्या डिस्कला! त्यावर भाच्याने जे लिहिलं ते इथे छापता येणार नाही.

आता गाडीवर साध्या, बिनभोकांच्या प्लेट आहेत, जोडी ३,२०० रुपये. नुसत्या खाचांच्या घ्याव्यात का असं मी विचारलं होतं. मिस्त्री म्हणाले, खाचांनी पाणी आणि चिखल पुसला जातो हे खरं, पण पॅडही लवकर खातात, आणि तुमच्या रस्त्याला साधी पुरे. व्हेंटेड, म्हणजे मधून हवा खेळणाऱ्या जाड डिस्कचं भाचा अजून बोलतो. तसल्या डिस्कला कॅलिपरही रुंद लागतो, म्हणून तो विषय मी बंद केला.

पॅड मात्र तेच ठेवले, पॉलिश पेपर मारून. खऱ्या अर्थाने पैसे वसूल झाले असतील तर या सव्वादोन हजारांत. गार असताना पहिल्या दाबाला जरा मंद वाटतात, पण घाटात दोन वळणं उतरली की पकड वाढतच जाते. नव्या प्लेटवर ते बसवून घ्यावे लागतात. सकाळी सहाला गुहागर-चिपळूण रस्त्याच्या मोकळ्या पट्ट्यावर साठवरून पंधरावर, पूर्ण न थांबता, असं दहा वेळा केलं, मग वीस मिनिटं ब्रेक न लावता गार करत चालवली. टपरीवाल्याला वाटलं मी नव्याने शिकते आहे. खोड्याही आहेत. पहाटे किंचाळतात, चाकांवर काळी भुकटी बसते, आणि साध्या पॅडपेक्षा प्लेट जास्त झिजवतात. यंदाच्या मेमध्ये पुन्हा आठ पोती घेऊन तोच घाट उतरले. पेडल पहिल्या वळणाला होतं तसंच पोफळीला. अर्थात या वेळी दुसऱ्या गिअरवर उतरले, त्यामुळे सगळं श्रेय पॅडला देत नाही.

समुद्राकाठी राहणाऱ्यांना एक वेगळं सांगायला हवं. आमच्याकडे गाडी दोन दिवस उभी राहिली की डिस्कवर तांबूस थर येतो. पहिल्या दोनतीन ब्रेकला खरखर करून तो जातो, त्याला घाबरू नये. घाबरायचं ते पॅडच्या पाठीच्या पत्र्याला. तो गंजून फुगतो आणि वरचा मसाला पापुद्र्यासारखा सुटतो. माझे जुने पॅड जाडीने अर्धे शिल्लक होते, पण एकाची कड नखाने उचलली गेली. पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी घातलीच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने चाकांच्या आतून धुवायची आणि ब्रेक हलके लावत किलोमीटरभर फिरवून वाळवायची. तशीच उभी केली तर काही उपयोग नाही.

आणि मागचे ड्रम. पुढे कितीही खर्च करा, पऱ्यातून गेल्यावर पाणी आणि गाळ साठतो तो तिथे. मिस्त्रींनी मागचा ड्रम उघडून आपटला तर वाटीभर तांबडी माती पडली, आणि लायनर आरशासारखे गुळगुळीत. साफ करून, लायनर घासून, ॲडजस्ट करून सातशे रुपये झाले. त्यानंतर पेडलचा निम्मा पोकळ खेळ गेला. एवढा फरक नव्या डिस्कनेसुद्धा पडला नव्हता.

गॅरेजबद्दल तक्रारी दोन. सांगितलेल्या वेळेला गाडी कधीच मिळत नाही, चारला या म्हणाले तर सातला निघता येतं. आणि बिल मागितलं तर वहीचं पान फाडून देतात. काढलेला प्रत्येक भाग मात्र पिशवीत घालून हातात ठेवतात, आणि नको ते बदलत नाहीत. मागच्या ब्रेकचे सिलिंडर बदला असं मीच म्हणत होते, त्यांनी रबर काढून दाखवलं आणि परत बसवलं.

जायचं असेल तर सकाळी साडेनऊच्या आत गाठा. शुक्रवारी दुपारी शेड बंद असते. पॅड आणि प्लेट आपल्या न्यायच्या असतील तर आधी त्यांना फोटो पाठवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, पावसाआधी ब्रेक बघून घ्यायची आठवण सगळ्या तालुक्याला तेव्हाच होते.