झांबियातल्या खेड्यात शाळा: नवी काढावी की चालू शाळेला बळ द्यावं?

झांबियातल्या गरीब मुलांसाठी काही करायचं ठरलं की सगळ्यांना आधी इमारतच सुचते. पैसे जमवू, जागा मिळवू, शाळा बांधू. प्रत्यक्षात वाटा तीन आहेत: कोरी नवी सामुदायिक शाळा, गावाने स्वतः उभ्या केलेल्या शाळेला पाठबळ, किंवा जवळच्या सरकारी शाळेच्या कामात भर. माझा कौल बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेला आहे. पहिली वाट फार थोड्या ठिकाणी योग्य ठरते.

सामुदायिक शाळा, म्हणजे गावाने किंवा चर्चने स्वतः चालवलेल्या शाळा, आल्या कुठून, हे आधी पाहू. १९९० च्या दशकात तांब्याचा धंदा बसला होता, सरकारी खर्चाला कात्री लागली होती, फी परवडत नव्हती आणि एड्सने असंख्य मुलं पोरकी केली होती. तेव्हा पालकांनी आणि चर्चनी आपापले वर्ग सुरू केले. २००२ मध्ये सातवीपर्यंतची फी माफ झाली, २०११ च्या शिक्षण कायद्याने सामुदायिक शाळांना स्थान दिलं, २०२२ पासून सरकारी माध्यमिक शिक्षणही मोफत झालं. तरी या शाळा टिकल्या, कारण खेड्यात खरी अडचण अंतराची असते. सरकारी शाळा सात-आठ किलोमीटरवर आणि वाटेत ओढा असेल, तर नोव्हेंबर ते एप्रिलच्या पावसात सहा वर्षांचं लेकरू तिथे पोचणार कसं?

म्हणून अंतर हीच पहिली कसोटी लावा. सरकारी शाळा चालण्याच्या टप्प्यात असेल तर शेजारी दुसरी उभी करू नका. दोन्हीकडची पटसंख्या तुटते. अंतर जास्त असेल आणि गावात आधीच झाडाखाली किंवा कुडाच्या खोलीत वर्ग भरत असेल, तर तिथेच मदत न्या. अंतर जास्त आहे, पण वर्गही नाही आणि पालकांची समितीही नाही, अशा ठिकाणीच नव्या शाळेचा विचार करा. तोही गाव स्वतः पुढे येत असेल तरच.

बांधकामात फरक सरळ आहे. गावाची शाळा असेल तर लोक कोरड्या महिन्यांत विटा पाडून भट्टी लावतात. वाळू, पाणी, अंगमेहनत त्यांची, सिमेंट, पत्रे आणि दारं-खिडक्या तुमच्या. खर्च निम्म्यावर आला नाही तरी बराच उतरतो, आणि वादळात पत्रा उडाला तर तो बसवायला कुणाची वाट बघत नाहीत. बाहेरच्या ठेकेदाराने बांधलेल्या शाळेत तो पत्रा पुढच्या देणगीपर्यंत तसाच पडून राहण्याची भीती असते. जमीन बहुधा पारंपरिक हक्काची असते, त्यामुळे आधी गावच्या हेडमनकडे (गावप्रमुखाकडे) आणि मग चीफकडे, म्हणजे त्या भागाच्या पारंपरिक प्रमुखाकडे, जायचं आणि संमती लेखी घ्यायची.

खरा निर्णय मात्र शिक्षकावर होतो. सामुदायिक शाळेत शिकवणारा बऱ्याचदा गावातलाच बारावी झालेला तरुण किंवा तरुणी असते. पालक मानधन म्हणून मका, शेंगा देतात, कधी त्याच्या शेतात राबून परतफेड करतात. जानेवारी-फेब्रुवारीत घरोघरी कणगी रिकामी होते, तेव्हा हे मानधन थांबतं आणि शिक्षकालाही स्वतःच्या शेताकडे वळावं लागतं. वर्ग बंद पडतो तो इथे. नव्या शाळेत तुम्ही बाहेरून चांगला पगार द्याल, पण देणगी आटली की शाळाही संपते. चालू शाळेत समितीमार्फत छोटं पण नियमित मानधन द्या, त्या शिक्षकाच्या पदविकेचा खर्च उचला आणि शाळेची जिल्हा शिक्षण कार्यालयात नोंदणी करून घ्या. त्या कार्यालयाला तिथे सगळे ‘डेब्स’ म्हणतात. नोंदणी असली की सरकारी शिक्षक मिळण्याची दारं उघडतात. २०२२ मध्ये सरकारने ३०,४९६ शिक्षक भरले. पण आडगावात नेमणूक झालेला शिक्षक राहणार कुठे? माझ्या मते चौथ्या वर्गखोलीपेक्षा शिक्षकाचं दोन खोल्यांचं घर जास्त मोलाचं आहे.

आपल्या वस्तीशाळा आठवा. तिथल्या निमशिक्षकांनी वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर काम केलं आणि कायम होण्यासाठी झगडले. ती ओढाताण झांबियात पुन्हा नको असेल, तर सरकारी व्यवस्थेत सामावण्याचा रस्ता पहिल्या दिवसापासून आखायला हवा.

तिसरी वाट मला दुय्यम वाटत नाही. फी माफीनंतर सरकारी वर्ग तुडुंब भरले. बाकं आणि खोल्यांसाठी आता मतदारसंघ विकास निधी आहे. २०२२ मध्ये तो दर मतदारसंघामागे १६ लाखांवरून २ कोटी ५७ लाख क्वाचांवर (क्वाचा हे तिथलं चलन) गेला. त्यामुळे तुमचा पैसा विटांऐवजी वाचनावर लावा. मुंबईच्या वस्त्यांत सुरू झालेल्या ‘प्रथम’ने इयत्ता न बघता मुलाच्या पातळीनुसार गट करून शिकवण्याची जी पद्धत घडवली, तीच २०१६ मध्ये झांबियात ‘कॅच अप’ या नावाने ८० शाळांत करून पाहिली आणि नंतर पुष्कळ वाढवली. स्थानिक भाषेतली गोष्टीची पुस्तकं, अक्षरपट्ट्या आणि शिक्षकांचं प्रशिक्षण: एका इमारतीच्या पैशात हे कितीतरी शाळांना पुरतं. सरकारी शाळा आवाक्यात असेल तर मी हीच वाट निवडेन.

जेवण आणि पाणी तिन्ही वाटांना लागतंच. मका-सोयाची लापशी मिळाली की हजेरी टिकते. २०२४ च्या दुष्काळासारख्या वर्षात तर मुलाचं पोटभर खाणं तेवढंच असू शकतं. हातपंप घातलात तर त्याचे सुटे भाग जिल्ह्याच्या गावी मिळतात का ते आधी बघा. वयात येणाऱ्या मुलींसाठी दार लागणारं वेगळं स्वच्छतागृह हवंच, यात काटकसर करू नका.

पैसे भारतातून जाणार असतील तर व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेतून (एलआरएस) वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत देणगी पाठवता येते. मात्र परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर करसवलत नाही. इथल्या ट्रस्टने बाहेर खर्च करायचा तर करसवलत टिकवण्यासाठी प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी लागते, तेव्हा सीएशी आधी बोला. आणि गावाला पहिली भेट मे-जूनमध्ये ठेवा. मका घरात आलेला असतो, लोक बैठकीला बसतात आणि विटा पाडायला पुढचे चार महिने मोकळे मिळतात.