केअर्स हार्नेस: परदेशात घर बघायला निघालेल्या बडोदेकर आईबाबांसाठी

दोन वर्षं पूर्ण झाली की मुलाला विमानात स्वतःची सीट लागते, पण नुसता कंबरपट्टा इतक्या लहान अंगाला पुरत नाही. अ‍ॅमसेफ कंपनीचा केअर्स हार्नेस, म्हणजे विमानाच्या सीटला बांधायचे खांदेपट्टे, नेमकी हीच उणीव भरून काढतो. वजन जेमतेम अर्धा किलो. मूल मात्र 10 ते 20 किलोचं आणि 100 सेंटीमीटरपर्यंत उंच हवं.

मुलाच्या सीटच्या पाठीमागचा ट्रे उघडा, लाल पट्टा सीटच्या पाठीवरून मुलाच्या खांद्यांच्या किंचित वर येईल इतका सरकवा, ओढून घट्ट करा, ट्रे बंद करा. मग सीटचा कंबरपट्टा खांदेपट्ट्यांच्या खालच्या फासांतून ओवा. घोटाळा इथेच होतो. यात पायांमधून जाणारा पट्टा नाही, त्यामुळे कंबरपट्टा पोटावर सैल राहिला की झोपेत मूल खाली घसरतं. तो आधी कमरेच्या हाडांवर आवळा, खांदे नंतर.

एअरबॅगवाल्या पट्ट्याच्या सीटवर किंवा इमर्जन्सी दाराच्या रांगेत हा चालत नाही.

एका फेरीसाठी महाग वाटेल. घर बघायला एकदा, मग मुक्काम हलवायला पुन्हा जायचं असेल तर जरूर घ्या.

मोटारीत मात्र मुळीच लावू नका, ना अहमदाबाद विमानतळ गाठताना एक्सप्रेसवेवर, ना तिकडे घरं बघत फिरताना. उदाहरणार्थ, जर्मनीत 12 वर्षांखालच्या आणि 150 सेंटीमीटरहून कमी उंचीच्या मुलांना कारसीट सक्तीची आहे. भाड्याच्या गाडीसोबतच ती नोंदवा आणि ताब्यात घेताना आर129 (कारसीटच्या सुरक्षेचं मानक) चं लेबल बघा.