डच जरबेराची रोपं: रोपाला पाच तारे, विक्रेत्याला दोन

आष्ट्यात आमचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, मी आणि जाऊबाई मिळून बघतो. आधीची जरबेराची स्वस्तातली रोपं काढून डच, म्हणजे नेदरलँड्सच्या जातीची लावली, त्याला वर्ष उलटून गेलं. आता लिहायला हरकत नाही.

रोपाबद्दल तक्रारच नाही. ट्रे उघडले तेव्हा सहा हजारांत मरतुक बोटांवर मोजण्याइतकी. मुळं पांढरीशुभ्र, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घट्ट धरून बसलेली. क्राऊन (जिथून पानं फुटतात तो रोपाचा गाभा) मातीच्या वर ठेवून लावली, पहिल्या कळ्या खुडून टाकल्या (जाऊबाईंचा जीव वरखाली होत होता) आणि तिसरा महिना सरताना तोडा सुरू झाला. दांडा सरळ, दोन फुटांच्या आसपास. मुख्य म्हणजे एका बेडवरची सगळी फुलं एकाच रंगाची. आधीच्या रोपांत एक फूल लाल, तर शेजारचं विटकरी निघायचं आणि दलाल तेवढ्यावरून अख्ख्या गड्डीचा भाव पाडायचा.

महाग आहेत. रोपामागे पस्तीस रुपयांच्या वर गेले, त्यात जातीची रॉयल्टी धरलेली. मामंजींनी विचारलं, "फूल त्यांच्या देशातलं आहे का? मग पैसे कसले?" फूल त्यांचं नाहीच, जरबेरा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. त्यांनी वर्षानुवर्षं संकर केले, निवड केली, आणि ती मेहनत ते जगाला विकतात.

देश केवढा, तर सांगली जिल्ह्याच्या जेमतेम पाचपट, आणि त्यातली पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली. तरी 2023 मध्ये नेदरलँड्सची शेतमालाची निर्यात सुमारे 124 अब्ज युरोंची झाली. त्यात दुसऱ्यांचा आणून पुढे विकलेला मालही बराच असतो, केनियाचा गुलाबसुद्धा त्यांच्या हातून जातो. 1880 च्या सुमारास अमेरिकेचा स्वस्त गहू युरोपात यायला लागला, तेव्हा जर्मनी-फ्रान्सनं आयातीवर कर चढवले. डचांनी गहू येऊ दिला आणि आपण दूध, भाजीपाला, फुलांकडे वळले. त्यांच्या वाखेनिंगेन गावची सरकारी शेतकी शाळा 1876 ची, आज तिचं विद्यापीठ झालंय.

मला हेवा वाटतो तो त्यांच्याकडच्या आल्समीर गावच्या फुलांच्या लिलावाचा. संस्था सहकारी, मालक फुलं पिकवणारेच. घड्याळासारख्या तबकडीवर भाव वरून खाली उतरतो, जो पहिला बटण दाबेल त्याचा माल. वसंतदादांच्या जिल्ह्यात सहकार कुणी शिकवायला नको, पण आपला सहकार उसात आणि दुधात रमला. आम्ही रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर खोकी चढवतो, दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॉट्सॲपवर भावाचा आकडा येतो. तो कुणी, कशावरून ठरवला, हे विचारायची सोय नाही.

आता विक्रेता. नाव लिहीत नाही. रोपांसोबत खताचं पत्रक दिलं, ते इंग्रजीत आणि थंड देशातल्या काचघराचं. सामू (आम्लता), ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप), रात्रीचं तापमान सगळं नेटकं, पण एप्रिलमध्ये आतला पारा चाळिशीला टेकल्यावर काय करायचं, त्यावर अक्षर नाही. फुलकिडे आले तेव्हा फोन केला. "वहिनी, पत्रकात बघा की, सगळं आहे." चेक वटेपर्यंत मात्र साहेब स्वतः बेड मोजायला यायचे. शेवटी आमचं आम्हीच दुपारी चालवायचे फॉगर (धुक्यासारखं पाणी उडवणारे फवारे) आणि वरून शेडनेट (सावलीची जाळी) असं बसवलं. कळ्यांची गळ थांबली, फुलकिडे फवारणीनं आटोक्यात आले.

घेणार असाल तर विहिरीचं पाणी आधी तपासून घ्या, कृष्णाकाठच्या क्षारांपुढे डच काय नि देशी काय. आमच्या काळ्या रानात चालत नाही, लाल माती बाहेरून आणावी लागते, तो खर्च धरा. रंगांत लाल, पांढरा, पिवळा जास्त ठेवा. गुलाबीला लग्नसराई सोडली तर गिऱ्हाईक कमी. पुढच्या लागणीला आम्ही परत हीच जात लावणार, रोपं मात्र दुसऱ्याकडून.