भरीव लाकूड, प्लायवुड की एमडीएफ?

झाड वाचावं म्हणून भरीव लाकूड टाळून एमडीएफचं (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेल्या बोर्डाचं) कपाट घेणारे बरेच असतात. हेतू चांगला, हिशेब अर्धवट.

भरीव लाकडात नासाडी फार, हे खरंच. गोल ओंडक्यातून फळ्या निघतात त्या साधारण निम्म्या. बाकी भुसा, साल आणि कडेचे तुकडे. प्लायवुडसाठी ओंडका गोल फिरवून सोलतात आणि ते पातळ पापुद्रे उभे-आडवे चिकटवतात, त्यामुळे निलगिरी, पॉप्लरसारखं भराभर वाढणारं लाकूडही चालतं. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डमध्ये (हा लाकडाच्या चुऱ्याचा) तर आरागिरणीत उरलेलं बरंचसं खपतं. इथवर बोर्ड पुढे.

पण बोर्ड उभा असतो गोंदावर. नेहमीच्या एमडीएफमध्ये तो युरिया-फॉर्मल्डिहाइडचा. त्यातून हळूहळू सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये मानवी कर्करोगकारक ठरवलं. म्हणून घेताना ई-1 किंवा ई-0 शिक्का (हा वायू कमी सुटतो याची खूण) बघाच. दुसरं दुखणं पाण्याचं: साधा एमडीएफ भिजून फुगला की पुन्हा बसत नाही, आणि त्याचा पुनर्वापरही अवघड. भरीव लाकडावर रंधा मारा, नवं पॉलिश करा, पुढची पिढी वापरेल.

हे टिकणं नुसतं सोयीचं नाही. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. घनमीटरला 500 किलो भरणारं लाकूड म्हणजे सुमारे 900 किलो कार्बन डायऑक्साइड अडकवून ठेवलेला. वस्तू शाबूत आहे तोवर तो आत राहतो. फुगलेला बोर्ड जाळला की लगेच बाहेर.

मात्र लाकूड जुन्या नैसर्गिक जंगलातलं असेल तर हा सगळा हिशेब मोडतो. तिथली माती आणि जीवसृष्टी लागवडीतून परत येत नाही. शिसवाच्या जवळपास सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून साइट्स कराराचं (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलचा करार) नियंत्रण आहे, ते उगाच नाही. जंगल जबाबदारीने राखल्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या एफएससीचा शिक्का (संस्था 1993 ची) उपयोगी, पण ‘मिक्स’ लिहिलेलं असेल तर सगळा माल प्रमाणित जंगलातला नसतो.

माझी निवड अशी: पलंग-टेबलाला भरीव लाकूड, आणि जुनं मोडीतलं मिळालं तर तेच. सिंकखाली फिनॉलिक गोंदाचं वॉटरप्रूफ प्लाय. एमडीएफ फक्त कोरड्या भिंतीवरच्या दारांना.