वेस्ट सिस्टिम १०५ इपॉक्सी: कॅम्परच्या भिंतीसाठी वापरावं का?

अमेरिकेतल्या जुन्या कॅम्पर ट्रेलरचं, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराचं, दुखणं ठरलेलं. कोपऱ्याच्या पट्टीतून पाणी शिरतं, आतली लाकडी चौकट कुजते आणि बाहेरचा पत्रा मात्र ठणठणीत दिसतो. अशी भिंत काढून तिथे एक्सपीएस फोमवर (कडक थर्माकोलसारख्या पाटीवर) काचेच्या धाग्यांचं कापड चढवलेलं घरगुती पॅनेल बसवायचं असेल, तर वेस्ट सिस्टिमचं १०५ रेझिन आणि त्यात मिसळून ते घट्ट करणारं २०६ स्लो हार्डनर ही इपॉक्सीची जोडी महाग असूनही घ्यावी.

आपल्याकडे फायबरवाले सर्रास वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण त्यातलं स्टायरीन नावाचं द्रावक हा फोम विरघळवतं. इपॉक्सीने फोमला काही होत नाही.

१.२ बाय २.४ मीटरच्या पॅनेलला दोन्ही बाजूंनी चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या कापडाचे दोन-दोन थर धरले, तर कापड सुमारे २.३ किलो लागतं. हाताने काम करताना मिश्रण कापडाच्या वजनाइतकं, शिवाय फोमची छिद्रं बुजवायला थोडं वरचं. तीन ते साडेतीन किलो जवळ असू द्या. फोमची गुळगुळीत साय ८० नंबरच्या पॉलिशपेपरने आधी घासून काढा. नाहीतर थर पापडासारखा सुटून येतो. चॉप्ड मॅट (तुकडे केलेल्या काचधाग्यांची चटई) टाळा, विणलेलं कापडच घ्या. बहुतेक मॅटमधला बांधणारा पदार्थ स्टायरीनमध्येच विरघळतो, त्यामुळे इपॉक्सीत ती नीट भिजत नाही.

रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण आकारमानाने पाचास एक. पंपाने दोन्हींचा एकेक दाब दिला की ते जमतं. पंपात हवा अडकली तर मात्र प्रमाण बिघडतं आणि तेवढा भाग महिनाभरानेही चिकटच राहतो. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवणं हा शुद्ध वेडेपणा. २०७ आणि २०९ हार्डनरचं प्रमाण तिनास एक आहे, त्यांचे पंप वेगळे. ही अदलाबदल सगळ्यात महागात पडते.

२२ अंशांना २०६ घातलेलं मिश्रण भांड्यात २० ते २५ मिनिटं टिकतं. ॲरिझोनाच्या किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याच्या निम्माही वेळ मिळणार नाही, तिथे आणखी सावकाश घट्ट होणारं २०९ घ्या. कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, डब्यात साठून राहिलं तर धूर निघेपर्यंत तापतं.

सुकल्यावर वर मेणचट थर येतो. तो थिनरने जात नाही, साधं पाणी आणि स्कॉचब्राइटने जातो. आधी धुवा, मग घासा. उलट केलंत तर तोच मेणचटपणा खरवड्यांत दाबला जातो आणि रंग सोलून निघतो.

स्क्रू नुसत्या फोममध्ये धरत नाही. त्या जागी फोम कोरून ४०६ सिलिका ही पूड घालून पुट्टीसारखं घट्ट केलेलं इपॉक्सी भरा, सुकल्यावर भोक पाडा. कोपऱ्याच्या पट्टीखाली ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावा. सिलिकॉन नको, पुढे त्यावर ना रंग बसतो ना दुसरा सीलंट.

या इपॉक्सीची खरी उणीव म्हणजे ऊन. उघडं ठेवलं तर पिवळं पडून भुकटी होते, त्यामुळे रंगाचा खर्च धरूनच चला. रंगही फिकटच निवडा, गडद भिंत उन्हात इतकी तापते की फोमच मऊ पडतो.