दिवाळी ते मिरग: पिकअपवरच्या प्री-क्लीनरचा अनुभव

दिवाळी झाल्या झाल्या माझ्या डिझेल पिकअपला स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारा उभा पाइप) आणि त्याच्या डोक्यावर, ट्रॅक्टरला असतं तसं, फिल्टरच्या आधीच धूळ वेगळी करणारं वाटीवालं प्री-क्लीनर बसवून घेतलं. आता मिरगाचा पाऊस झालाय. मधल्या काळात गाडी जायकवाडीच्या गाळपेऱ्यात, शहागडच्या खालच्या अंगाला गोदावरीच्या पात्रात आणि ऊस वाहून वाहून पीठ झालेल्या पांदण रस्त्यांवर चालली. रानात गाडी घालणाऱ्यानं हे जरूर बसवावं. पण ते बसवलं म्हणून आतला फिल्टर आणि पाइपांचे जोड बघायचं सोडलं, तर खर्च पाण्यात गेला.

काम साधं आहे. आत येणारी हवा तिरप्या पात्यांवरून गरगर फिरते, जड कण बाहेरच्या भिंतीवर फेकले जातात आणि वाटीत पडतात. पात्रातून आल्यावर वाटी कागदावर उपडी केली की भरड वाळू, त्यात गारगोटीचे चमकणारे कण आणि काडीकचरा निघतो. हे सगळं पूर्वी कागदी फिल्टरवर जाऊन बसायचं. गारगोटीची कठीणता मोह मापनावर 7, म्हणजे लायनरच्या (पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिच्या) बिडापेक्षा जास्त. असे कण पिस्टनची रिंग आणि लायनरच्या मध्ये गेले की दोन्ही घासतात, कॉम्प्रेशन पडतं, गाडी ऑइल खायला लागते. त्याआधी टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, पात्यांच्या कडा झिजतात.

कमी कुठं पडतं, तर बारीक फुफाट्याला. उसाच्या ट्रॉलीमागून चाललात की उडणारी धूळ इतकी हलकी असते की ती वाटीत न पडता हवेबरोबर सरळ पुढं जाते. ती अडवायची तर कागदी फिल्टरनंच. शिवाय इंजिन आयडलवर असताना हवा जोरात फिरत नाही, तेव्हा याचा उपयोग थोडाच. म्हणून पुढची गाडी लांब जाऊ द्यायची, धुरळा बसला की निघायचं. यासारखा फुकटचा उपाय नाही.

सगळ्यात जास्त लक्ष मागतात ते जोड. फेंडरमधून पाइप जिथं मूळच्या एअर क्लीनरच्या डब्याला मिळतो तिथं नुसतं सिलिकॉन भरून भागत नाही, रबरी कपलिंग आणि दोन्ही बाजूंना क्लिप लागते. त्याहून नाजूक जागा फिल्टरच्या पुढची, डबा ते टर्बो. तिथं बारीकशी फट असली तरी धूळ न गाळता थेट इंजिनात जाते. आमच्या मेस्त्रींनी दाखवलेली तपासणी मी अजून करतो: त्या पाइपात आतून ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, धुळीच्या रस्त्यानं एक चक्कर मारायची, मग पांढऱ्या फडक्यानं पुसायचं. ग्रीस स्वच्छ निघालं तर जोड पक्के. फडक्यावर करकर लागली तर फट शोधल्याशिवाय गाडी रानात नेऊ नका.

मेस्त्रींचं दुसरं सांगणं बऱ्याच जणांना पटत नाही. "मालक, फिल्टर सारखा उघडू नका." कारण थोडी धूळ बसलेला कागदी फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक गाळतो, आणि दर वेळी डबा उघडताना स्वच्छ बाजूला धूळ सांडण्याचा धोका असतो. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरनं जवळून हवा मारली तर कागद फाटतो. जमिनीवर आपटायचा तर नाहीच. हवा मारायचीच तर कमी दाबानं, आतून बाहेर. नंतर अंधारात आत बॅटरी लावून बघा. उजेडाचा एक जरी ठिपका दिसला तरी फिल्टर टाकून द्या. कडेचं रबर कडक झालं असेल तरीही.

प्री-क्लीनर घेताना माप बघा. इंजिनाच्या मानानं लहान घेतलं तर इंजिन गुदमरतं, चढाला काळा धूर येतो. माझं बरोबर मापाचं आहे, गाडीच्या ओढीत किंवा अ‍ॅव्हरेजमध्ये जाणवण्यासारखा फरक नाही. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र वाटीत कोरड्या वाळूऐवजी चिखल साचतो आणि तो सुकून घट्ट बसतो, तेव्हा वाटी रोज पुसावी लागते.

फेंडरजवळच्या रबरी कपलिंगला उन्हानं बारीक भेगा पडायला लागल्यात. ऊसतोड सुरू व्हायच्या आत ते बदलून घेणार आहे.